पासपोर्ट म्हणजे साइज

एकोडी, ता. साकोली
२० जून

प्रिय रीना,

रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी ताई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू रडलीस की मी विरघळते आणि आज मला विरघळायचं नाही. मला तुझा राग आला आहे. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा आवाज नेहमीसारखा गोड समजणार नाहीस.

अश्वजित मजेत आहे. बांधीत धानाचे पऱ्हे टाकायला गेले की मागे येतो आणि माझा डोळा चुकवून बी कोंबड्यांपुढे उधळतो. तो आठ महिन्यांचा असताना तू त्याला माझ्या ओटीत घालून पुण्याच्या दवाखान्यात नोकरीवर रुजू झालीस. तेव्हा बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली होतीस, "ताई, हा तुहाच होय आता." मी वेडी, ते खरं धरून बसले. गेल्या महिन्यात तो साडेतीन वर्षांचा झाला.

मार्चमध्ये तुझा फोन आला की अश्वजितचे पासपोर्ट काढून पाठव, नर्सरीले लागते. आपल्याकडे पासपोर्ट म्हणजे साइज, त्या मापाचा फोटो. रेशनकार्डाला पासपोर्ट लागतो, बँकेला लागतो, गोमाजी मामाच्या निराधार पगाराच्या अर्जालाही लागला होता, आणि मामा साकोलीच्या पुढे कधी गेला नाही. म्हणून मी काही विचारलं नाही. साकोलीत घनश्यामच्या स्टुडिओत नेलं, तर फ्लॅश पडला की हा भोकाड पसरायचा. दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा बसवायचे वेगळे पैसे पडतील म्हणाला, तशी याला काखेत मारून घरी आणलं.

मग मीच डोकं चालवलं. तू बजावलंच होतंस, मागे पांढरं हवं, सावली नको, दोन्ही कान दिसले पाहिजेत, कोणाचा हात दिसता कामा नये. मला वाटलं, पुण्याच्या शाळा कडक असतील. आईची बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी पेटीतून काढली. ती डोक्यापासून अंगावर घेऊन मी खुर्चीत बसले, वर अश्वजितला बसवलं आणि साडीआडून त्याच्या कमरेला धरून ठेवलं. शेजारच्या शकुनबाईने समोर थाळी वाजवत मोबाइलवर फोटो काढला. मी आत घामाने भिजले होते आणि हसूही आवरत नव्हतं. घनश्यामने वीस रुपयांत आठ काढून दिले. काढताना विचारलं, "बाई, हे बोटं कोनाचे होय?" माझेच, म्हटलं. त्याने ती कापून टाकली. मी घरी येऊन तुला फोनवर किती फुशारकी मारली, आठवतं? तू म्हणालीस, ताई, तुझ्यासारखी तूच.

मे महिन्यात तू आलीस आणि महाराजबागेतला वाघ दाखवते म्हणून त्याला दोन दिवस नागपूरला घेऊन गेलीस. परत आल्यावर तो मला म्हणाला, "मोठी आई, वाघ नोहोता, नंबर होता." आपण दोघी हसलो. मी पोट धरून हसले, रीना. तू कशी हसलीस ते मला आता कळतं.

त्याचं आधारकार्ड एकोडीचं, म्हणून पत्ताही इथलाच द्यावा लागला असेल. तिथे तुझं शहाणपण अडलं. सोमवारी गोपीचंद पोस्टमन पाकीट देऊन गेला. शाळेचं असेल म्हणून मी उभ्याउभ्याच फाडलं. आत निळं पुस्तक आणि त्यात आईच्या साडीपुढे बसलेला आपला पोरगा. तुझ्या अतुलरावांना फोन लावला. ते बिचारे मला सगळं माहीत आहे असं समजून बोलत गेले. मस्कतची नोकरी, तिघांचा व्हिसा, सप्टेंबर. मी हं हं करत राहिले. अश्वजितने पाहिलेला नंबर नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसातला होता.

तू त्याची आई आहेस. तू त्याला नेणार, हे मला आठ महिन्यांच्या त्या बाळाला घेतानाही ठाऊक होतं. पण त्याला माझ्यापासून तोडायचा फोटो तू माझ्याच हातून काढवलास, तोही त्या साडीवर. खोटं बोलणार नाही, हे शील आपण दोघी लहानपणी आईच्या मागे तीच साडी धरून म्हणायचो. मी अडवीन अशी भीती वाटली असेल तुला. अडवलं असतं, भांडलेही असते, आणि मग त्याचे कपडे मीच भरले असते. इतकं तरी तुला ओळखता यायला हवं होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सहा दिवस तू रोज सहज विचारल्यासारखं विचारतेस, काही टपाल आलं का, आणि मी रोज नाही म्हणते. ते पुस्तक तांदळाच्या कोठीत खोल पुरून ठेवलं होतं. काल अश्वजितने मला कोठीत हात घालताना पाहिलं आणि विचारलं, काय लपवतेस? मी म्हणाले, काही नाही. त्याच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. तेव्हा ठरवलं. पासपोर्ट याच पाकिटात आहे, तांदळाची भुकटी झटकून घे. त्याला न्यायला येशील तेव्हा वाघाचं नाव काढू नकोस. कुठे नेतेस ते त्याला सांग, आणि माझ्या समोर सांग. घनश्यामने कापायच्या आधीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात त्याच्या कमरेशी माझी चार बोटं दिसतात. तो मात्र मागू नकोस.

अजून तरी तुझीच,
भावनाताई