आंबट पाणी

आबा, आज दारावर कल्हईवाला आला होता. त्याने तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली, भसकन पांढरा धूर उठला, आणि मी ठाण्यातल्या या ओसरीवर बसल्या बसल्या कल्याणला आपल्या भट्टीपाशी जाऊन पोचले. सूनबाई म्हणाली, "डोळ्यांत धूर गेला का?" मी हो म्हटलं. तुमची इतकी आठवण आली की दुसरं काही सुचेना.

तुम्ही आतून कल्हई करायचात आणि भांडं बाहेरून चिंचेने घासायचं काम माझं. मग त्यात पाणी भरून पहिला घोट तुम्ही घ्यायचात. त्याशिवाय भांडं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हा तुमचा नेम. माझ्या लग्नासाठी तांब्याची घागर घडवलीत, तेव्हा माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि चिंच फार झोंबत होती. फळीवर तेजाबाची बाटली होती, आगगाडीच्या कारखान्यातल्या शेजाऱ्याने दिलेली. "खाण्यापिण्याच्या भांड्याला हे लावायचं नाही," असं तुम्ही दहादा बजावलेलं. पण तुम्ही जेवायला बसलात आणि मी त्यात चिंधी बुडवली. घागर अशी झळकली की मला माझंच कौतुक वाटलं. थोडं तेजाब काठावरून आत ओघळलं, ते काही दिसलं नाही.

तुम्ही घोट घेतलात आणि लगेच थुंकलात.

"पाणी आंबट का गं लागतंय?"

"चिंच नीट निघाली नसेल, आबा."

तुम्ही नुसतं माझ्या हातांकडे बघितलंत. मग कल्हई काढून पुन्हा केलीत आणि बाहेरूनही चिंचेने स्वतःच घासलीत. दोन दिवस दूधभातावर राहिलात; आईने विचारलं तर म्हणालात, "दाढ दुखतेय." त्यापेक्षा रागावला असतात तर मी तेव्हाच सांगून मोकळी झाले असते.

सासरी आल्यावर घागरीत हात घातला, तर आत चिंचेचा गोळा आणि पानात बांधलेली कोकमतेलाची वडी, भेगांना लावायला. मी ढसाढसा रडले. दिवाळीला माहेरी गेले की सांगायचं, असं ठरवलं. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत.

आज सूनबाईने तीच घागर कल्हईवाल्यापुढे ठेवली, ती मी उचलून आत आणली. तळाशी तांबं दिसू लागलंय, पण काठाखाली तुमच्या हातची कल्हई अजून बोटभर उरली आहे. त्यावर दुसऱ्याचा हात नको वाटला. पाण्याला ती आता चालायची नाही, म्हणून हा कागद तिच्यातच ठेवते. तेजाब मीच लावलं होतं, आबा. चिंच बिचारी उगाच बदनाम झाली.