आत्ती, सोरा तोलायचा राहिला

प्रिय आत्तीस नामाचा दंडवत.

तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असून लिहितोय. मी सोनं गाळायच्या दुकानातून पत्र पाठवलं की तू ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचीस, आणि एकाचा भरवसा नाही म्हणून पुन्हा दुसऱ्याकडून! हेही तसंच घे. तिकडं शिकलेली माणसं काय कमी असतील?

लिहायचं कारण म्हणजे उद्या बिरोबाला बकरं आहे. आपला धाकटा शिवा लढाईतून धडधाकट परत आला, त्याचा नवस. रजा संपली की तो पुन्हा पलटणीत जाईल, आणि जाताना त्याला सुकं मटण बांधून द्यायचंय. दोन वर्षांपूर्वी दिलं होतं तसंच. म्हणजे द्यायचं होतं तसं. ते नाव काढल्यापासून मला जेवण जात नाही.

त्या वर्षी सगळ्याची सुरुवात माझ्याच तोंडानं झाली. आधीच्या खेपेला ढगाळ हवेत दोरीवरच्या मटणाला वास सुटला होता आणि सगळं कुत्र्यांपुढं टाकावं लागलं होतं. तू किती हळहळलीस! मग मी मोठ्या शहाण्यासारखा म्हणालो, "आत्ती, आमच्या दुकानात सोरा असतोय. मुशीत सोनं साफ करायला घालतोय त्यो. आमच्या शेजारचा आचारी लष्करात हाय, त्यो मिठात सोरा मिसळून मटण मुरवतोय. लाल ऱ्हातंय, टिकतंय बी." शहरातली विद्या घरी आणल्याचा केवढा ताठा होता मला!

पण त्या आचाऱ्यानं मला आणखीही सांगितलं होतं. शेरभर मटणाला मासाभर, म्हणजे आठ गुंजा सोरा; त्याहून एक गुंजही जास्त नको, जास्त झाला की तो विषच. मटण तोलायचं, सोरा तोलायचा, तो मिठात बारीक करून सारखा कालवायचा, मगच चोळायचं. पुडी मिठाजवळ ठेवायचीसुद्धा नाही, कारण दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून तर मी दुकानातला लहान काटा बरोबर आणला होता.

काटा बघून तू कशी उसळलीस!

"ठेव त्ये आत! देवाच्या बकऱ्याचं मटण तोलायचं न्हाई. तोललं की देव म्हनतो, घ्या मग हिशोबानंच. घरातली बरकत जाती."

"आवं, पर सोरा मोजून घालावा लागतोय..."

"मला मीठ शिकवतोस व्हय रं? जल्म गेला माजा मीठ घालण्यात!"

खरंच होतं गं ते. मिठाला तुझा हात कधी चुकला नाही. पन्नास माणसांच्या कालवणात तू न बघता मूठ टाकायचीस आणि एक जण वर मीठ मागायचा नाही. पण सोरा म्हणजे मीठ नव्हे, हे त्या अंगणात मला एकट्याला माहीत होतं. आबा ओसरीवर बसलेले, भावकी वाटे न्यायला आलेली. सगळ्यांसमोर तुझा शब्द कसा मोडायचा? लहानपणी नवरा गेला म्हणून तू माहेरी परत आलीस, आणि आम्हाला आईच्या मागं तूच वाढवलंस. मी काटा पिशवीत घातला. सोन्याच्या कणासाठी गिऱ्हाइकाशी भांडणारा मी, तुझ्या ताटात काय पडणार त्यावर मात्र गप्प बसलो.

तू पुडीत हात घातलास आणि मूठ भरून सोरा मटणावर टाकलास. वर भराभर मीठ. जिथं पडला तिथंच तो चिकटून राहिला असणार.

मटण सुकल्यावर एका सकाळी तू चार-पाच तुकडे निखाऱ्यावर भाजलेस. शिवानं हात पुढं केला तर त्याच्या हातावर चापट मारलीस. "थांब. आदी मी बघती." खाल्लेस आणि म्हणालीस, "जरा कडू लागतंय रं." मग कडू का लागतंय ते बघायला आणखी खाल्लेस! का गं आत्ती? थुंकून का नाही टाकलंस? एवढा कसला हट्ट?

दुपारपर्यंत तुला उलट्या सुरू झाल्या. ओठ आणि नखं जांभळ्यासारखी निळी पडली. श्वास पुरेना. शिवानं विट्याच्या दवाखान्याला जायला गाडी जुंपली, मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. विटा दिसायला लागलं होतं, तेव्हा तू माझ्या हातातला हात सोडलास. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, पोटात काय गेलं? मी सोऱ्याचं सांगितल्यावर त्यांनी मान खाली घातली.

मी तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं, आत्ती. काटा, आचारी, मूठ, सगळं. पण कुणी मला बोललंच नाही! आबा म्हणाले, "तिची यळ भरली हुती." शिवा म्हणाला, "दादा, तुजं काय चुकलं?" गावही देवाच्या मर्जीवर टाकून मोकळं झालं. कुणीतरी एक थोबाडीत मारायला हवी होती. तू असतीस तर मारलीच असतीस.

आज आबांनी मला ओसरीवर बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, "ह्या खेपेला सुकं मटण नको. त्याला लाडू देऊ." आबांनी तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "पोरगं परत लांब चाललंय. तिनं दिलं असतं, तवा आपन द्यायचं. तू तोल."

"आबा, देवाचं मटण..."

"तोल म्हनतो न्हवं! देवाला काय सांगायचं त्ये मी सांगतो. माजी भन खाल्ली त्यानं, एवढं ऐकंल."

आणि आबा रडले गं. तुझ्या तेराव्यालाही रडले नव्हते.

तेव्हा उद्या मी अंगणात काटा लावणार आहे, भावकीच्या देखत. मटण तोलीन, सोरा तोलीन, मिठात कालवून हातानं नीट चोळीन. उरलेली पुडी घरात ठेवणार नाही. आणि हे माझं तुला वचन: इथून पुढं माहीत असलेली गोष्ट थोरल्यांचं मन राखायला मी गिळणार नाही, समोर आबा असोत नाहीतर बिरोबा.

तू वरून शिव्या घालशील. घाल, आत्ती. पोटभर घाल. दोन वर्षं मी त्याचीच वाट बघतोय.

तुझाच,
नामा