अर्ध्यावर थबकलेला झेंडा

प्रिय मारेन,

आजीचा आशीर्वाद घे, आणि पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, बस. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, मी माझ्या. तुझा खोकला गेला का? नसेल तर कोपनहेगनच्या हवेला दोष देऊ नकोस. सायकलवर गळा उघडा टाकून फिरतेस, त्याला दे.

तू विचारलंस की आपल्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या वेबसाइटवर, वर टॅबच्या टोकाला तू जो नखाएवढा झेंडा बसवलास, तो हलता ठेवू की स्थिर. तुझ्या कचेरीतली शहाणी माणसं म्हणतात, हलतं चित्र माणसाचा डोळा ओढत राहतं, धड वाचू देत नाही. मला त्यातलं काय कळणार? (मी शाळेत गेले तीही दिवसाआड, मधल्या दिवशी बीट उपटायचे, आणि खरं सांगायचं तर बीटच जास्त उपयोगी पडले.) पण गेल्या मंगळवारी त्या झेंड्याने मला जिवंतपणी मारून टाकलं, तेव्हा मत द्यायचा हक्क माझा आहे.

झालं असं. शेजारची बोडिल रोज आपलं पान उघडून बसते, कुणी खोली घेतली ते बघायला. (तिला विचारलंस तर म्हणेल, सहज.) मंगळवारी तिने पान उघडलं, झेंडा काठीवर चढू लागला, आणि तेवढ्यात बाईसाहेब स्वेटरचा नमुना बघायला दुसऱ्या टॅबवर गेल्या. मागे पडलेला टॅब आळसावतो, त्यातलं हलतं चित्र जिथल्या तिथे थबकतं, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. थबकला तो नेमका अर्ध्यावर. आता अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरात कुणीतरी गेलं, हे या बेटावर तान्ह्या पोरालाही कळतं. बोडिलने मला फोन केला. मी मागे बटाटे काढत होते, उचलणार कोण? तिने ताडलं की म्हातारी गेली आणि नातीने कोपनहेगनला बसून रीतीप्रमाणे झेंडा उतरवला. (त्यात तुझं फार कौतुक झालं. माझं नाही.) लगेच तिने आपल्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणला, तो बघून पलीकडच्यांनी, आणि त्यांचा बघून फेरीबोटीवरच्या केल्डने बोटीवरचासुद्धा.

मी बटाट्यांची बादली घेऊन पुढच्या अंगणात येते तो काय, सगळी वस्ती अर्ध्यावर! मला वाटलं बोडिलचा नवरा गेला. नाताळापासून त्याचा रंग मला आवडत नव्हताच. शेजारधर्म म्हणून मीही झेंडा बाहेर काढला आणि अर्ध्यावर बांधला. (नियम असा की आधी टोकाला न्यायचा आणि मग अर्ध्यावर उतरवायचा. असलं फाजील काम मी करत नाही.) आता तूच सांग, मेलेल्या बाईच्या स्वतःच्या दारात झेंडा अर्ध्यावर दिसल्यावर कुणाला शंका राहील?

मग मी हात धुतले, काळा झगा घातला आणि बोडिलकडे निघाले. तीही काळ्या झग्यात, हातात केक घेऊन माझ्याकडे निघालेली. फाटकातच गाठ पडली. ती किंचाळली. मी म्हटलं, "धीर धर गं, सुटला बिचारा." तेवढ्यात तिचा नवरा मागून काळा पाव चावत आला. "कोण सुटला?" मी त्याच्याकडे बघतेय, बोडिल माझ्याकडे. शेवटी तीच म्हणाली, "अगं डॅग्नी, तू मेलीयेस!" मी म्हटलं, "मला कुणी कळवलं नाही."

कळस केला तो केल्डने. त्या दिवशी आपल्याकडे एक जर्मन जोडपं उतरणार होतं. त्याने टोपी काढून त्यांना बोटीवरच सांगितलं की घरमालकीण सकाळी वारली. ती दोघं फुलं घेऊन आली आणि दार मी उघडलं. बाई पायरीवरच बसली. नवऱ्याने धीर करून विचारलं, नाश्ता ठरल्याप्रमाणे मिळेल ना. मिळाला. केकही मिळाला. बोडिल कुरकुरली की तो माझ्या दफनासाठी होता. मी म्हटलं, तेव्हा मला थोडाच चाखायला मिळणार होता.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. स्थिर कर. हलतं चित्र म्हणजे कॉफी ओतताना झग्याला लोंबकळणारं पोर. झेंडा टोकाला चढलेला दाखव आणि गप्प उभा राहू दे. कचेरीतल्या शहाण्यांना सांग, बेटावरच्या एका म्हातारीचंही असंच म्हणणं पडलं.

तुझी, अजून असलेली,
आजी डॅग्नी

ता.क. लगेच स्थिर करू नकोस. सकाळी कॉफी घेऊन मी ते पान उघडते. झेंडा चढतो. तुझे आजोबा अगदी असाच चढवायचे. तुझी बोट पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पांढऱ्या बोयाला वळली की दोरी ओढायला लागायचे; बोट धक्क्याला आणि झेंडा टोकाला एकाच वेळी लागला पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तू बोटीवरून ओरडायचीस, "आजोबा, हळू, आम्ही मागे पडलो!" तू तेच चित्रात उतरवलंस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.  पान बंद करून पुन्हा उघडलं की झेंडा पुन्हा चढतो. बोट मात्र येत नाही.

आणखी एक ता.क. फाजील काम म्हणाले ते खोटं. माझा उजवा खांदा अर्ध्यापर्यंतच पुरतो, पुढे दोरी हातातून सुटते. जूनमध्ये मला ऐंशी पूर्ण होतात, ते तुला आठवत असेलच. वाढदिवसाला इथे घरोघरी झेंडा चढतो, मग त्या दिवशी माझ्याच दारात झेंडा नको असं कसं चालेल? आणि मी चढवला तर तो अर्ध्यावर राहील नि बोडिल पुन्हा केक करायला घेईल. केल्डला सांगितलं तर तो हसत येईल, पण ती दोरी मला त्याच्या हातात द्यायची नाही. तू सकाळच्या बोटीने ये. बोट बोयाला वळली की मी ओढायला लागेन आणि अर्ध्यावर धरून ठेवीन. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. वरचा अर्धा तुझा.