ओल्या धोतराच्या अलीकडून

सर,

आज वर्गात मी हृदय उलटं लावलं. आमच्या कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टर आला आहे. पारदर्शक प्लास्टिकवर आकृती काढायची, दिव्याच्या काचेवर ठेवायची, की ती मागच्या भिंतीवर मोठी होऊन पडते. अंधार करावा लागत नाही. खरं तर हेच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, की आता अंधार करावा लागत नाही. मी डावा कप्पा, उजवा कप्पा असं बोलत राहिले आणि मुलं हसायला लागली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅम, उल्टा है. अक्षर भी उल्टे हैं." मी वळून पाहिलं. मला ते सरळच दिसत होतं.

मी तुमच्या वर्गात आले त्या वर्षी भिलाईत सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या भिंतींचा ओलेपणा अजून गेला नव्हता, आणि अंगणात उभं राहिलं की कारखान्याची एखादी चिमणी कालच्यापेक्षा उंच झालेली दिसायची. बाबा कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, लागले होते. दुर्गच्या कॉलेजात सायन्सच्या वर्गात मी एकटीच मुलगी. तुम्ही फोटोवाल्याच्या जुन्या काचा धुऊन त्यांवर शाईनं बेडूक, मासा, माणसाचं पोट काढायचात, आणि कंदिलाच्या यंत्रातून ते दाखवण्यासाठी खिडक्यांना घोंगड्या लावायचात. पहिल्याच दिवशी ही बातमी आमच्या ओळीत पोचली. शेजारच्या काकूंनी नळावर आईला विचारलं, "तुमची पोरगी कॉलेजात शिकते का सिनेमा पाहते?" आई रिकामी बादली घेऊन परत आली. संध्याकाळी बाबांनी सांगून टाकलं, झालं तेवढं कॉलेज पुरे.

तुम्ही सायकलवरून घरी आलात. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे, चुलीवरचा चहा उतू जातो आहे आणि मला तो उतरवावासा वाटत नाही. बाबा म्हणतात, "वाईट वाटून घेऊ नोका मास्तर. पण पोरायसंगं अंधारात पोरगी बसवनं आपल्याले जमत नाई." तुम्ही वाद घालत नाही. गावाकडे जत्रेत टुरिंग सिनेमाचा तंबू लागायचा तेव्हा बाया कुठं बसायच्या, एवढंच विचारता. बाबा म्हणतात, "पडद्याच्या मांगं."

"मंग तुमची पोरगीही मांगंच बसन."

बाबांना हसू आलं. माझं कॉलेज टिकलं ते त्या हसण्यावर.

वर्गाला लागून नमुन्यांच्या बरण्यांची खोली होती. मधल्या दाराला तुम्ही तुमचं धोतर ओलं करून ताणून बांधलंत. कापड ओलं असलं की चित्र मागूनही स्वच्छ दिसतं. व्हरांड्याचं दार अर्धं उघडं, उंबऱ्यावर राखणीला कॉलेजची झाडूवाली बाई, आणि ती बसल्या बसल्या पेंगायची. दुर्गच्या उन्हात धोतर वाळायला कितीसा वेळ? ते वाळलं की बेडूक विटायचा. तांब्यातलं पाणी शिंपडणं माझं काम. तुमचा चेहरा मला दिसायचा नाही, छडीचं टोक दिसायचं. एखादी रक्तवाहिनी दाखवताना तुम्ही छडी जरा जास्तच दाबायचात, आणि कापड माझ्या बाजूला फुगून यायचं. वर्गातल्या मुलांना त्याची काही गरज नव्हती. काही विचारायचं असेल तर पडदा हलवायचा, हेही तुम्ही सांगून ठेवलं होतं.

चाचणीत मी हृदय उलटं काढलं, डावा कप्पा कागदाच्या डावीकडे. तुम्ही कागद माझ्यापुढे टाकलात. "इतके दिवस काय पाहून राहिली तू?" आणि मग तुम्हीच कागद परत उचललात. मी काय पाहत होते ते तुमच्या लक्षात आलं असावं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तुम्ही आकृती पुन्हा पाहिलीत. "तुझ्या आत आहे तसंच काढलं आहेस," म्हणालात. "पण पेपरात समोर उभ्या माणसाचं काढतात, त्याचं डावं आपल्या उजवीकडे. उलटून घेत जा." मी उलटून घेत गेले. पुढे रायपूरला शिकत असताना तुम्ही गेल्याचं कळलं, तेही फार उशिरा.

या नव्या यंत्राचं आम्हाला ट्रेनिंग दिलं. शेवटच्या बाकावरच्यालाही दिसलं पाहिजे, असं शिकवणारा तरुण म्हणाला. मला ते कापडाचं फुगणं आठवलं. शेजारी बसलेल्यांना सांगावं असं वाटलं, पण कुठून सुरुवात करणार? आज मुलं हसली तेव्हा मीही हसले आणि प्लास्टिक पालथं केलं. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात मात्र ते पुन्हा उलटं ठेवून बसले. भिंतीवर माझी डावी बाजू डावीकडेच होती.

हे लिहिलेलं पाठवायचं कुठे? आकृत्यांच्या डब्यात तळाशी ठेवून देईन.

पडदा मी एकदाही हलवला नाही, सर. सगळं समजत होतं म्हणून नव्हे. पलीकडे मधूनच सगळा वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात, आणि तेवढा वेळ छडी खाली गेलेली असायची. मला एवढंच विचारायचं असायचं, की काय झालं. असल्या प्रश्नासाठी पडदा हलवायचा असतो की नाही, ते मला ठरवता यायचं नाही. मी तांब्या उचलायची आणि पाणी शिंपडायची.