पावणं म्हणायचं की शत्रू

३ ऑगस्ट
शिरोळकडं, माझ्या तुकडीतल्या संभाच्या गावच्या शाळेत बोललो. लढाई काय असते ते पोरांना कळावं, कुणी ती हौसेनं मागू नये, म्हणून जातो. सांगितलं, समोरच्या सैनिकांना आम्ही 'पावणं' म्हणायचो. संभा गेला, माझा पाय गेला, त्याच उतारावर त्यांचा एक पोरगा पाणी मागत पडला होता. 'तो पावणाही कुणाचं तरी लेकरूच.'
संभाची आई, आक्का, पुढंच बसलेली. एरवी पाठीवरून हात फिरवते. आज तशीच उठून गेली.

५ ऑ.
तिथल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा फोन. पंधरा ऑगस्टला संभाच्या पुतळ्यापाशी दरवर्षी मी बोलतो.
"मेजर, यंदा आधी माफी मागा, मग माईक. शत्रूला पावणं म्हंता? पोरं खवळल्यात."
विचारलं, तू कधी बंदूक धरलीस का?
"त्येचा काय संबंध?"
हा टीव्हीवर लढाई बघत चहा पिणार आणि मला देशप्रेम शिकवणार. फोन ठेवून बायकोवर उगाच ओरडलो. आणि म्हणे मी शांततेचा प्रचार करतो.

६ ऑ.
एक खटकतंय. तेव्हा 'पावणं' मायेनं म्हणायचो का? नाही. संभा कुजबुजायचा, "पावणं आल्यात, च्या ठेवा," आणि आम्ही गोळ्या झाडायचो. टोमणा होता. शाळेत मी त्या टोमण्याला मायेचा शब्द केलं. खोटं नव्हे, पण पुरतं खरंही...
अध्यक्षाला हे सांगणार नाही. आक्काला सांगायला हवं.

९ ऑ.
आक्काला सांगितलं. चहाचंसुद्धा. ती हसली.
"व्हय, तसाच बोलायचा त्यो." मग, "तुझ्या पावण्यानं माझं प्वार नेलं की रं. जेवायला वाढू व्हय त्येला?"
म्हटलं, माफी मागू का?
"त्या अध्यक्षाची? त्येचं काय गेलंय?"
निघताना, "पाणी दिलंतंस त्या पोराला?"
"दिलं."
"प्याला?"
"व्हय."
आत निघून गेली.

१४ ऑ.
मंडळाचं तेच. माफी नाही तर माईक नाही. कळवलं, माफी नाही, माईकशिवाय बोलेन. आवाज अजून शाबूत आहे.
पण कुठला शब्द? 'शत्रू' म्हटलं तर अध्यक्ष जिंकला. 'पावणं' म्हटलं तर आक्काच्या तोंडावर मारल्यासारखं. काहीच ठरलेलं नाही.
संध्याकाळी आक्काचा फोन. "मी येतो उद्या. मधनंच उठलो, तर तू बोलायचं थांबू नगंस."