बटणाला हात लावू नकोस

रेश्मा, कॉम्प्युटर चालू आहे, बटणाला हात लावू नकोस. समोरच्या मनवा मॅडम बघून गेल्या. "काकू, पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड जळलेलं नाही. ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, अर्धवट बसलाय, म्हणून चालू करताना एरर येतेय," म्हणाल्या. जुना काढून त्यांनी नवा टाकायला लावलाय. तुझं ड्रॉइंग पाचच्या आत जाईल का, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

सकाळी तो हर्षलने बंद केला नव्हता गं, मी केला. पूजेला बसताना त्याची घरघर नको वाटली. पडद्यावर काहीतरी काम चाललं होतं, ते मला कळलं नाही. मी बंद केला का, असं तू विचारलंस तेव्हा माझं चातुर्मासाचं मौन होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग तू नवऱ्याला नको ते बोललीस आणि तो डबा न घेताच गेला.

मौन नऊला सुटलं. तू दुरुस्तीवाल्याकडे साडेनऊला निघालीस. तेवढा अर्धा तास मला बोलता येत होतं, तरी मी फुलवाती वळत बसले.

डबा घेऊन नागापूर एमआयडीसीत हर्षलच्या कंपनीत चालले आहे. त्याला तोंडाने सांगेन. तुझ्यासमोर तेवढा धीर झाला नाही.

आई