सुयांवरची जकात

॥ श्री ॥
बोरिवली, २० सप्टेंबर १९५४

ती. दादास, धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. अण्णांचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, या वयात पहाटे थंड पाण्याने आंघोळ केली म्हणून मुलुंडमध्ये कोणी पदक देत नाही.

इकडे ह्यांची कचेरी आणि माझी पडवी, दोन्ही जोरात. आता मोजे विणायच्या सहा मशिनी झाल्या. शाळेचे मोजे संपले, नाशिकच्या व्यापाऱ्याचे थंडीचे सुरू आहेत. पण दादा, तुझ्या सुयांनी वाट लावली रे! एका मशीनला बहात्तर सुया, आणि रोज कुठली तरी एक जाते. कधी आकडा मोडतो, कधी खालची जिभली उघडतच नाही, कधी सुई मधेच वाकते. परदेशी सुई दोन आण्यांना मिळायची आणि वर्ष वर्ष चालायची. तिच्यावर जकात बसली, ती पाच आण्यांवर गेली. म्हणून तुझी घेते, साडेचार आण्यांना. तुझ्या सुईवर तर जकात नाही ना? मग ती परदेशी सुईच्या मागोमाग वर कशी चढली?

रत्नप्रभा म्हणते, तुमच्या भावाला एक दिवस मशीनवर बसवा. गेल्या गणपतीत तुला घावनं करून वाढणारी ती हीच. नवऱ्याला गिरणीतून काढल्यापासून घर तिच्या हातांवर आहे, आणि माझ्याकडे तिच्यासारखा हात दुसरा नाही.

आता खरी गोष्ट. मोजेवाल्यांच्या संघाचं पत्रक आलंय. सुयांवरची जकात आणखी तीन वर्षं ठेवायची का, याची नोव्हेंबरात फोर्टात सुनावणी आहे. मी येऊन बोलावं असं त्यांचं म्हणणं. सोबत सुया बनवणाऱ्यांच्या अर्जाची नक्कल होती. पहिली सही तुझी. मला पत्रकातून कळावं ना हे?

वहिनीला नमस्कार. राग आला तरी उत्तर धाड.

तुझी
सुहासिनी


मुलुंड, २४ सप्टेंबर १९५४

चि. सौ. सुहासिनीस, विद्याधरचे अनेक आशीर्वाद.

अण्णांना तुझा निरोप वाचून दाखवला. पदक नको, पोरीने तोंड दाखवलं तरी पुष्कळ, असं म्हणाले.

अर्जावर सही माझी आहे. लपवायचं नव्हतं, सांगायचं राहिलं. माझ्या शेडमध्ये चौदा माणसं आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांतल्या एकालाही ही सुई बनवता येत नव्हती. आज गुणाजी भट्टीपाशी उभा राहून नुसत्या रंगावरून पोलाद कधी बाहेर काढायचं ते सांगतो. हात बसायला वेळ लागतो. जकात काढली तर बाहेरच्या कंपन्या भाव पाडतील आणि सहा महिन्यांत आमच्या दाराला कुलूप लागेल. त्यानंतर त्या काय भाव लावतील, ते तुला कोणी विचारायला येणार नाही.

माझी सुई महाग का, असं विचारतेस. तिची तार मला बाहेरूनच आणावी लागते आणि त्या तारेवरही जकात आहे. ती मी भरतो. पाच आण्यांच्या सुईशेजारी आपली साडेचारला खपते हेही खरं, नाही कशाला म्हणू?

पण तुझं नुकसान किती? एका सुईवर शेकडो जोड निघतात. जोडीमागे एक पैसुद्धा येत नाही. मोज्याचा भाव जरासा वाढव, गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येणार नाही.

सुनावणीला तू येऊ नकोस. सख्खी बहीण भावाविरुद्ध उभी राहिली, हे लोक वर्षानुवर्षं चघळतील. अण्णांचंही हेच म्हणणं आहे.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरची माया या एका गोष्टीने आटू देऊ नकोस.

तुझा
दादा


बोरिवली, ३ ऑक्टोबर १९५४

ती. दादास सा. न.

भाव वाढवून पाहिला. म्हणजे व्यापाऱ्याला विचारून पाहिलं. तो हसला. म्हणाला, बाई, शाळेच्या मोज्याला आया दोन पैसे जास्त देत नाहीत, त्या जुनाच मोजा रफू करतात. तुम्हाला परवडत नसेल तर दुसरीकडून घेतो. असं म्हणून त्याने वहीचं पान उलटलंसुद्धा.

तुझं गणित शेकडो जोडांवर आहे. इथे कितीतरी सुया पन्नास जोडांच्या आत जातात. अर्जात तुम्ही लिहिलंय की शंभरात दोन सुया खराब निघतात. तो आकडा कुठून आणलात?

तेव्हा गिऱ्हाईक जास्त देत नाही, व्यापारी देत नाही, तूही काही सोडत नाहीस. मग उरलेलं कोण भरतं, हे मला विचारू नकोस.

सुनावणीचं अजून ठरवलं नाही. अण्णांचं नाव मधे घालू नकोस. त्यांना विचारायचं ते मी येऊन विचारीन.

सगळ्यांना यथायोग्य.

सुहासिनी


बोरिवली, १४ ऑक्टोबर १९५४

दादा,

मायना लिहायचं सुचत नाही, क्षमा कर.

काल दुपारी रत्नप्रभाच्या डाव्या डोळ्यात सुईचं टोक गेलं. मशीनवर नाही, तिच्या घरी, चुलीजवळ. वाकलेल्या सुया ती घरी नेत होती आणि पकडीने सरळ करत होती. एक तुटली आणि उडाली. तिची लेक धावत आली. आम्ही टॅक्सी करून शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. टोक काढलंय. डॉक्टर म्हणतात, उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडे आशा धरू नका.

ती सुया का सरळ करत होती, ते आता लिहिते. गेल्या दिवाळीपासून मोडलेल्या आणि वाकलेल्या सुईचे पैसे मी बायकांच्या मजुरीतून कापते. डझनामागे दहा आणे मजुरी, आणि एक सुई गेली की साडेचार आणे वजा. मी स्वतःला म्हणत होते की त्यामुळे त्या हात जपून चालवतील. कोणी तोंडावर बोललं नाही. रत्नप्रभाने मात्र सुया वाचवायची ही युक्ती काढली.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की उरलेलं कोण भरतं ते विचारू नकोस. तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस रे.

सुहासिनी


मुलुंड, १७ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. सुहासिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाईच्या डोळ्याचं ऐकून वाईट वाटलं. इस्पितळाच्या खर्चाला पन्नास रुपयांची मनीऑर्डर वेगळी करतो आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कडक केलेली सुई पकडीने सरळ करत नाहीत. ती तुटणारच, मग ती माझी असो की परदेशातली. तुझ्याकडे इतकी वर्षं मशिनी आहेत, हे तू बायकांना सांगायला हवं होतंस. मजुरीतून कापायचं तुझ्या मनात आलं, ते मी सुचवलं नव्हतं. आणि वर्षभर तू मला त्यातलं काही कळू दिलं नाहीस. आता विचारलं नाहीस म्हणून मलाच दोष?

सुनावणीत हा प्रकार निघाला तर आमच्या अर्जाचं काय होईल ते तुला कळतं. तेव्हा जपून.

भाऊबीजेला नेहमीप्रमाणे ये. अण्णा वाट पाहतील.

विद्याधर


बोरिवली, २१ ऑक्टोबर १९५४

ती. दादास नमस्कार.

मनीऑर्डर परत केली आहे. रागाने नाही. रत्नप्रभा म्हणाली, कोणाचे पैसे आहेत ते कळल्याशिवाय घेणार नाही, आणि मला काय सांगावं ते कळेना.

भाऊबीजेला मी येत नाही. तुला ओवाळताना मला नीट हसता येणार नाही, आणि ते अण्णांच्या लगेच लक्षात येईल.

सुनावणीला मात्र जाणार आहे.

सुहासिनी


मुलुंड, ३० ऑक्टोबर १९५४

चि. सुहास,

पाट मांडलेला होता. अण्णा संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते, मग तुझ्या वहिनीने तो उचलला. यावर जास्त लिहीत नाही.

काल मी इस्पितळात गेलो होतो, तुला न सांगता. डोळ्यावर पट्टी, पण बाई ताठ बसून होती. मी नाव सांगण्याआधीच म्हणाली, सुयांचे मालक ना? मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने दुसरंच विचारलं. जकात गेली तर तुमच्या माणसांचं काय? मी खरं ते सांगितलं, शेड बंद होईल. मग म्हणाली की गिरणी सुटल्यापासून माझा घोव दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. आणखी चौदा घरांत असा माणूस माझ्या डोळ्याच्या नावाने बसवायचा नाही. फोर्टात माझ्या डोळ्याची गोष्ट काढू नका, तुम्हीही नको आणि आमच्या बाईंनीही नको.

सुहास, ते ऐकून मला हायसं वाटलं. इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की स्टेशन मागे टाकून मी तसाच भायखळ्यापर्यंत चालत राहिलो.

निघताना तिने हाक मारून सांगितलं, पण सुया चांगल्या करा. भावाने बहिणीच्या गळ्यात असला माल बांधायचा म्हणजे काय!

तुला जायचं तर जा. आता अडवत नाही.

दादा


मुलुंड, २० नोव्हेंबर १९५४

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझं बोलणं झाल्यावर तू लगेच निघून गेलीस, म्हणून पुढचं कळवतो. माझ्या तोंडून तुला कळावं असं वाटतं.

तू बोलत होतीस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, जकातीचा भार मोज्याच्या गिऱ्हाइकावरच पडत असेल ना? तू म्हणालीस, नाही, तो खाली खाली सरकत जातो आणि ज्याला पुढे ढकलायला कोणी उरत नाही त्याच्यापाशी थांबतो. माझ्याकडे तो पाच बायकांपाशी थांबला, आणि तिथे नेऊन ठेवणारी मी. डोळ्याचा शब्दही तू काढला नाहीस. आणि जकात काढा असंही म्हणाली नाहीस. मोजेवाल्यांच्या संघाचे चिटणीस तुझ्याकडे कसे बघत होते, ते मी पाहिलं.

दुपारी माझी पाळी आली. टाईप केलेली सहा पानं हातात होती. साहेबांनी शंभरात दोन सुयांचा आकडा वाचला आणि हे बरोबर आहे का, असं विचारलं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, नाही. आमच्या शेडची नोंद शंभरात अकरा आहे. अर्जात दोन लिहिले, कारण अकरा लिहिले असते तर जकात मिळाली नसती. तेव्हा सही करताना मला ते ठाऊक होतं.

मग मी जकात मागितलीसुद्धा. म्हणालो, एक वर्ष द्या आणि दर तिमाहीला आमच्या सुया मोजा. पण ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. आमच्या संघाच्या मंडळींनी बाहेर माझ्याशी बोलणं टाकलं. एकाने तुझ्या वहिनीच्या माहेरापर्यंत शिव्या दिल्या. 

गुणाजीला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, अकरा नाहीत शेठ, गेल्या महिन्यात नऊ होत्या.

निकाल यायला वेळ लागेल. तोवर झोप येणं कठीण.

दादा


बोरिवली, २७ नोव्हेंबर १९५४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उठून चहा ठेवला. आमच्या घरी हे फार मोठं समज.

कापणं बंद केलंय. कापलेले पैसे बायकांना परत द्यायचे म्हणून मी स्वतः बसायची ती मशीन विकली. आता पाच. व्यापाऱ्याला यापुढे पडत्या भावाने माल देणार नाही म्हटलं, तर त्याने निम्मी मागणी दुसरीकडे वळवली. निभावून नेऊ.

रत्नप्रभा पट्टी काढून आली. एका डोळ्याने मशीन चालवता येईल का, अशी मला भीती. तिने एक जोड विणून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, शोधा चूक. नाही सापडली. उजव्या डोळ्यावर ताण येतो, म्हणून दिवसाउजेडीच काम घेते. तिच्या कमाईत त्यामुळे जी तूट येते, तिचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. 

अण्णांना सांग, रविवारी येते.

तुझी
सुहास


मुलुंड, ९ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. सुहासिनीस आशीर्वाद.

निकाल आला. जकात निम्मी झाली आणि तीही एका वर्षापुरती. परदेशी सुई आता साडेतीन आण्यांवर येईल. मला तीन आण्यांना विकावी लागेल.

शेड चालू आहे. पण चौदा माणसं राहणार नाहीत. सर्वांत शेवटी आलेल्या तिघांना काल सांगितलं. दोघे नाहूरचे, त्यांना विक्रोळीच्या कारखान्यात काम मिळण्यासारखं आहे. तिसरा लवू. कणकवलीकडचा, आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. हातातली पिशवी खाली न ठेवता त्याने ऐकून घेतलं. काही चुकलं का, असं विचारलं. नाही म्हणालो. मग का, असं त्याने विचारलं.

त्याची बायको सुगंधा शिवणकाम जाणते. बोरिवलीला तिची मावशी राहते. तुझा पत्ता दिला आहे. तुझ्याकडे मशिनी कमी झाल्या हे ठाऊक असून दिला, रागावू नकोस.

अण्णा बरे आहेत. आपल्यात आता आडपडदा राहिला नाही, तो पुढेही नसावा.

दादा


बोरिवली, १६ फेब्रुवारी १९५५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

सुगंधा काल सकाळी आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, हातात तुझी चिठ्ठी. पाचही मशिनींवर बायका होत्या. मी काही बोलायच्या आत रत्नप्रभा उठली. म्हणाली, दुपारनंतर मला तसंही दिसायला त्रास होतो, माझी मशीन हिला द्या. मी नको म्हणत होते, तोवर तिने बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलंसुद्धा.

मी सुगंधाला सांगितलं की डझनाला अकरा आणे मिळतील आणि सुई मोडली तर काही कापणार नाही. तिने मान हलवली, पण बसली नाही. तिने एकच विचारलं. फोर्टात जाऊन बोललेल्या त्या बाई तुम्हीच का?

मी हो म्हणाले.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. दादा, तेवढ्या वेळात माझ्या मनात किती उत्तरं तयार झाली, आणि त्यांतलं एकही तिच्यापुढे टिकण्यासारखं नव्हतं. मग तिने पदर खोचला, मशीनवर बसली, आणि दांडा कुठल्या बाजूने फिरवायचा ते रत्नप्रभाला विचारलं.

लवूसाठी काही काम दिसलं तर लगेच कळव. बाकी क्षेम. आशीर्वाद असू दे, मला आणि सुगंधाला, दोघींनाही लागेल.

तुझी
सुहासिनी